छोटा कॅमेरा : मराठवाड्यातील प्रसार

हातात किंवा खिशात सहज मावणारा, तिपाईशिवाय वापरता येणारा आणि छायाचित्रणाचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही चालविता येईल असा कॅमेरा म्हणजे छोटा कॅमेरा. त्याचा आकार ही त्यातली दुय्यम गोष्ट होय. चित्र काढताना छायाचित्रकाराला जे निर्णय घ्यावे लागतात (भिंग किती अंतरावर केंद्रित करावयाचे, छिद्र किती उघडायचे, झडप किती वेळ उघडी ठेवावयाची), ते निर्णय निर्मात्याने आधीच घेऊन ठेवणे ही त्याची खरी खूण आहे. असा कॅमेरा सोपा असतो, कारण वापरणाऱ्याने चूक करावी अशा जागाच त्यात थोड्या उरतात. मात्र तो विश्वासार्ह कितपत ठरेल, हे निर्मात्याने गृहीत धरलेला प्रकाश, तापमान व अंतर प्रत्यक्ष त्या गावात किती जुळतात यावर अवलंबून राहते. नांदेड व लातूर या भागांत ही जुळणी कोठे झाली आणि कोठे झाली नाही, याचा मागोवा घेतला असता तेथील घराघरांतल्या जुन्या छायाचित्रांत काय सापडते आणि काय सापडत नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील प्रारंभीचे छायाचित्रण दरबाराच्या आश्रयाने वाढले. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली व पुढे त्यांना ‘राजा’ हा किताबही मिळाला. दरबार, शिकारी, वास्तू, लष्करी कवायती हे त्यांचे नेहमीचे विषय. पण १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागात चाललेल्या मदतकार्याची चित्रेही त्यांच्या चित्रशाळेने घेतली आहेत. ती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोठ्या काचपट्ट्यांचा कॅमेरा, तिपाई, पट्ट्यांच्या पेट्या आणि मदतनीस एवढा सरंजाम ज्याच्या आज्ञेने हलत असे, त्याला जे दाखवावेसे वाटे तेच पट्टीवर उमटे. दुष्काळी कामावरच्या मजुराच्या हाती कॅमेरा असण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता.

मुंबईत परिस्थिती थोडी निराळी होती. तेथे १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कारभारात भाग घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होते. तथापि तंत्र सर्वत्र सारखेच अवघड होते. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलोडियनच्या ओल्या पट्टीच्या पद्धतीत काचेवर पायस ओतणे, चित्र घेणे व ते विकसित करणे ही सर्व कामे पट्टी ओली असेपर्यंत, म्हणजे थोड्या मिनिटांत, उरकावी लागत. उष्ण व कोरड्या हवेत हा अवधी आणखी आखडत असे. दख्खनच्या उन्हाळ्यात तंबूतील अंधारकोठडीत हे काम करणाऱ्यांच्या चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटीनच्या कोरड्या पट्टीमुळे ही घाई संपली आणि छोट्या कॅमेऱ्याचा मार्ग मोकळा झाला.

जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये ‘कोडॅक’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की गिऱ्हाइकाने कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथे चित्रे विकसित करून व नवी गुंडाळी भरून तो परत येई. किंमत २५ डॉलर असल्याने तो सामान्य माणसाचा नव्हता. परंतु छायाचित्रणातील कठीण भाग वापरणाऱ्याकडून काढून अन्यत्र नेण्याची कल्पना येथे प्रथम पूर्णत्वास गेली. १९०० साली एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ आला. पुठ्ठ्याची पेटी, पुढे साधे एकसंध भिंग, एकाच वेगाची फिरती झडप आणि मागे गुंडाळी एवढाच त्याचा संसार. मोडण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. या मालिकेतील पुढच्या एका कॅमेऱ्यासाठी १९०१ मध्ये काढलेली, १२० या क्रमांकाने ओळखली जाणारी कागदी अस्तराची फिल्म पुढे जगभर रूढ झाली.

अशा पेटी-कॅमेऱ्यात केंद्रीकरणाची सोयच नसताना चित्र स्पष्ट कसे येई, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंगाच्या केंद्रांतराचा वर्ग करून त्याला छिद्राचा क्रमांक व खपवून घेता येईल इतकी अस्पष्टता यांच्या गुणाकाराने भागले असता एक अंतर मिळते. भिंग त्या अंतरावर कायमचे बसविले, तर त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट दिसते. केंद्रांतर ७५ मिमी., छिद्र एफ/११ आणि खपणारी अस्पष्टता ०.१ मिमी. धरल्यास हे अंतर सुमारे पाच मीटर येते. म्हणजे अडीच मीटरच्या पुढचे सर्व काही साधते. केंद्रांतर २५ मिमी.पर्यंत खाली आणले, तर चित्र अधिक मोठे करावे लागते हे लक्षात घेऊन खपणारी अस्पष्टता ०.०२ मिमी. धरली, तरीही दीड मीटरच्या आतली व्यक्तीसुद्धा स्पष्ट येते. मोबाइल फोनमधील चार-पाच मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने याहून जवळचे साधते. कॅमेरा जितका लहान तितका तो केंद्रीकरणाच्या चुकीला कमी बळी पडतो. लहानपणा व सोपेपणा यांचा संबंध केवळ वजनाशी नसून तो प्रकाशकीच्या नियमांत आहे, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या लोकप्रिय माहितीपुस्तकांत क्वचितच सांगितलेली आढळते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र नियम इतका उदार नाही. एकच छिद्र व एकच वेग असलेल्या कॅमेऱ्याने एका विशिष्ट उजेडाची अपेक्षा केलेली असते. त्या काळच्या मंद फिल्मवर भर उन्हात एफ/११ व सेकंदाचा चाळिसावा भाग एवढे उद्भासन गरजेपेक्षा थोडे अधिकच होई. पण कृष्णधवल निगेटिव्हला हा अतिरेक सहज पचतो. नांदेड व लातूर येथे पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले, तर वर्षाचे सात-आठ महिने लख्ख ऊन असते. युरोपातील ढगाळ हवेत पेटी-कॅमेऱ्याची जी त्रेधा उडे ती येथे उडत नसे. अंगणातले चित्र बहुधा साधेच. दुपारच्या उन्हात पागोट्याच्या किंवा पदराच्या सावलीने डोळे काळवंडत, एवढाच त्यातला दोष. म्हणून सकाळी किंवा दिवस कलताना फोटो काढण्याचा पाठ पडला.

घरात पाऊल टाकले की सगळेच बदले. मराठवाड्यातील जुने घर मातीच्या किंवा दगडी जाड भिंतींचे, वर मातीचे माळवद, उजेडासाठी एखादा झरोका आणि दार. उन्हाळ्यात गारवा राखण्याच्या दृष्टीने ही बांधणी उत्तम आहे. पण अशा खोलीतील प्रकाश बाहेरच्या उन्हाच्या तुलनेत शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी कमी असतो. साध्या कॅमेऱ्याने तेथे घेतलेले चित्र जवळजवळ कोरे निघे. याचा परिणाम तांत्रिक नोंदींपुरता राहिला नाही. चूल, जाते, देवघर, बाळंतिणीची खोली, म्हणजे स्त्रियांच्या दिवसाचा बहुतेक भाग जेथे जाई ती जागा, जुन्या घरगुती चित्रांतून जवळपास वगळली गेली. या चित्रांत दिसणाऱ्या स्त्रिया अंगणात किंवा ओसरीवर, लुगड्याचा पदर सावरून, उन्हाकडे तोंड करून उभ्या आहेत. हे रीतीभातींमुळे झाले असे सामान्यतः सांगितले जाते. ते काही अंशी खरे आहे. परंतु एफ/११ च्या भिंगाचा त्यातला वाटा त्याहून लहान नसावा, असे वाटते.

कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न फिल्मचा व ती विकसित करण्याचा होता. नांदेड हे मनमाड–सिकंदराबाद या मीटरमापी लोहमार्गावर १९०० च्या सुमारास आले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग पोचला. त्यामुळे नांदेडचा व्यवहार हैदराबादकडे, तर लातूरचा बार्शी व सोलापूरकडे वळलेला राहिला. बाहेरून येणारा नाजूक माल याच वाटांनी येई. फिल्मचे पायस जिलेटीनचे असते. विकासकाचे नेहमीचे तापमान २० अंश से. मानलेले असून ते २५ अंशांच्या बरेच पुढे गेले, तर जिलेटीन फुगते, मऊ पडते आणि कधीकधी आधारापासून सुटून येते. नांदेडला मे महिन्यात पारा ४० अंशांवर सहज जातो. म्हणून उन्हाळ्यात अंधारकोठडीचे काम रात्री किंवा पहाटे करणे, द्रावणाचे भांडे बर्फाच्या किंवा माठातल्या पाण्यात ठेवणे, क्रोम तुरटीच्या द्रावणाने पायस कठीण करून घेणे हे उष्ण प्रदेशातील छायाचित्रकारांचे परिचित उपाय होत. ‘कॅमेरा खराब आहे’ अशी जी तक्रार गिऱ्हाईक करी, तिचे मूळ पुष्कळदा कॅमेऱ्यात नसून गरम पाण्यात असे.

१२० क्रमांकाची फिल्म या भागात दीर्घकाळ टिकून राहण्याचे आणखी एक कारण होते. ऑस्कर बर्नाक यांनी रचलेला व १९२५ मध्ये विक्रीस आलेला ‘लायका’ ३५ मिमी. रुंदीच्या चित्रपट-फिल्मवर २४ × ३६ मिमी. आकाराचे चित्र घेई. त्यात फिल्म पुढे सरकविणे व झडप ताणणे या क्रिया एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकाच जागी दोनदा चित्र पडण्याची चूक होत नसे. पेटी-कॅमेऱ्यात मात्र मागच्या लाल काचेतून आकडा पाहून फिल्म फिरविण्याचे ध्यान ठेवावे लागे. ते न ठेवल्यामुळे वराच्या डोक्यातून तोरण उगवलेली चित्रे अनेक घरांत सापडतील. लायका सर्व दृष्टींनी सरस, पण त्याचे टपालतिकिटाएवढे निगेटिव्ह मोठे केल्याशिवाय पाहण्याजोगे नसे. मोठे करण्याचे यंत्र म्हणजे वीज आली, आणि मराठवाड्यातील बहुसंख्य गावांत वीज पोचली ती स्वातंत्र्यानंतर पुष्कळ उशिरा. सहा सेंमी.च्या चौकोनी निगेटिव्हचे तसे नव्हते. ते कागदाला लावून कंदिलाच्या उजेडातही त्याच आकाराची प्रत काढता येई. जुन्या वह्यांत कोपरे डकवून लावलेल्या त्या चौकोनी चित्रांमागे असे हे विजेचे कारण आहे.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाले. त्यापूर्वीच्या वर्षभरात या भागात मुक्तिसंग्राम, रझाकारांचे अत्याचार, गावे सोडून सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबे असे पुष्कळ घडले. त्याची स्मृती प्रामुख्याने आठवणी, निवेदने व वृत्तपत्रे यांतून उरली आहे. नेत्यांची व समारंभांची चित्रे मिळतात. खेड्यांतील प्रसंगांची त्या मानाने विरळाच. बाहेरच्या जगात सैनिकाच्या खिशातला कॅमेरा त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधीच आला होता. १९१२ मध्ये निघालेला कोडॅकचा घडीचा खिसा-कॅमेरा पहिल्या महायुद्धात सैनिकांनी सोबत नेला. लातूर वा कंधारच्या खेड्यात मात्र कॅमेरा, फिल्म व ती धुणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याला आणखी अवकाश होता.

तो योग १९६० नंतर आला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५७ नंतर कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले होते. या परिस्थितीत बडोद्याला तयार होऊ लागलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा कॅमेरा ठरला. १२० फिल्मवर बारा चौकोनी चित्रे, न हलणारे केंद्रीकरण, ऊन व ढग यांच्या खुणा असलेली साधी निवड आणि हलके प्लॅस्टिकचे अंग असे त्याचे स्वरूप होते. घडीच्या कॅमेऱ्याच्या चामडी भात्याला धुळीने व घड्यांनी छिद्रे पडत आणि फिल्मवर उजेड शिरे. क्लिकला भाताच नसल्याने काळ्या मातीच्या प्रदेशातील धुळीला तो चांगला पुरून उरला. फिल्मच्या बाबतीतही स्वदेशी सोय झाली. उदकमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले व तिची ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचली. क्लिकच्या भिंगाची स्पष्टता कडांकडे चांगलीच घसरते, हे मान्य केले पाहिजे. पण शिक्षक, तलाठी, बसवाहक अशांच्या घरी आलेला पहिला कॅमेरा तोच होता आणि त्याच्यामुळे फोटोसाठी शहरात जाण्याची गरज पहिल्यांदा संपली.

चित्रशाळा त्यामुळे बंद पडल्या असे नाही. उलट नवी कामे वाढली. परीक्षेच्या अर्जावर, ओळखपत्रावर, शिधापत्रिकेच्या कामी छायाचित्र लागू लागले. लातूरला महाविद्यालयीन शिक्षणाचे क्षेत्र जसे विस्तारले, तशी पारपत्राच्या आकाराच्या फोटोंची मागणीही वाढली. जत्रांतून मोटारीचा, विमानाचा वा ताजमहालाचा पडदा लावून बसणारा छायाचित्रकार हा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

जपानी निर्मात्यांनी या काळात सोपेपणाची दिशा बदलली. पेटी-कॅमेरा निर्णय टाळत होता. जपानी कॅमेरा निर्णय घेऊ लागला. योशिहिसा मैतानी यांच्या अर्धचौकटी ‘पेन’ (१९५९) पासून ही परंपरा ठळक होते. १९६७ ते १९८४ या काळात निघालेल्या ‘ऑलिंपस ट्रिप ३५’ मध्ये भिंगाभोवती सेलेनियमचा प्रकाशघट होता. त्याला विद्युत् घटमाला लागत नसे. पडलेल्या उजेडावरूनच तो छिद्र आणि दोन वेगांपैकी एक ठरवी. उजेड अपुरा असल्यास दृश्यदर्शकात तांबडी खूण वर येई आणि झडप अडून बसे. वाया जाणारे चित्र घेण्यास नकार देणारा कॅमेरा, हा विश्वासार्हतेचा फार चांगला नमुना आहे. १९७५ मध्ये कोनिकाने अंगचाच झगमग दिवा असलेला आणि १९७७ मध्ये स्वयंचलित केंद्रीकरणाचा कॅमेरा आणला. आयातनिर्बंधांमुळे असे कॅमेरे मराठवाड्यात सहसा दुकानातून न येता परदेशी नोकरीला गेलेल्या आप्तांबरोबर येत. भारतात १९८० नंतरच्या दशकात ११० क्रमांकाच्या बंद डबीचा ‘हॉट शॉट’ लोकप्रिय झाला. डबी आत सरकवली की काम झाले. फिल्म उलटी बसणे, सुटणे, उजेड लागणे या जुन्या भानगडी त्यात राहिल्या नाहीत. निगेटिव्ह फारच लहान असल्याने चित्रे मात्र दाणेदार येत.

झगमग दिव्याने घराचे दार उघडले. १९८५ नंतरच्या घरगुती रंगीत चित्रांत प्रथमच आतल्या खोल्या, पाळण्याचे कार्यक्रम, स्वयंपाकघरातील पंगत आणि हसताना न सावरलेले चेहरे मोठ्या संख्येने दिसू लागतात. लाल चमकणारे डोळे व मागच्या भिंतीवरची काळी सावली हे दोष सोबत आले, पण त्याची कोणी फारशी तमा बाळगली नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच प्रहरी, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. मरण आणणाऱ्या त्या जाड दगडमातीच्या भिंती व माळवदे यांच्याखाली घरांतील ट्रंका आणि त्यांतील फोटोंच्या वह्याही गाडल्या गेल्या. भूकंपानंतर पाऊस पडत होता. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ३५ मिमी.च्या कॅमेऱ्यांनी घेतलेली चित्रे जगभर पोचली. अनेक कुटुंबांपाशी मात्र गेलेल्या माणसाचे एकही चित्र उरले नाही, किंवा उरले ते एखाद्या दूरच्या नातेवाइकाकडे पूर्वी पाठविलेल्या प्रतीच्या रूपाने. कॅमेरा सोपा असणे आणि चित्र टिकणे यांतील अंतर येथे फार कठोरपणे दिसले.

फिल्मशिवाय चित्र घेणारा पहिला प्रायोगिक कॅमेरा ईस्टमन कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनविला होता. त्याचे वजन साडेतीन किग्रॅ.हून अधिक होते आणि एक चित्र फितीवर नोंदण्यास त्याला २३ सेकंद लागत. तीस-पस्तीस वर्षांत तेच तत्त्व मोबाइल फोनमध्ये सामावले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा दुष्काळाची चित्रे घेण्यास कोणत्याही राजाच्या छायाचित्रकाराची आवश्यकता राहिली नव्हती. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्यांच्याच खिशात कॅमेरा होता. फोनची झडप इलेक्ट्रॉनिक, केंद्रीकरण स्वयंचलित, आणि अंधाऱ्या खोलीत तो अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. माळवदाच्या घरातील उजेड त्याला पुरतो. त्याची दुर्बलता दुसरीकडे आहे : घटमाला उतरली की तो निरुपयोगी होतो आणि फोन हरवला वा बिघडला की प्रत काढून न ठेवलेली सगळी चित्रे एकदम जातात. १९७० व १९८० च्या दशकांतील रंगीत प्रतींचे रंगही उडून त्या तांबूस झाल्या आहेत, तर नीट धुतलेल्या जुन्या कृष्णधवल प्रतींतील चांदी अजून शाबूत दिसते.

जुन्या कॅमेऱ्यांपैकी कोणते आज चालतात, याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. १९७० नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत दाराच्या खाचांना लावलेला स्पंज चिकट होऊन गळून पडला आहे. पाऱ्याचे घट निघणे बंद झाल्याने त्यांवर चालणारे प्रकाशमापक चुकीचे आकडे दाखवितात. बंद पेटीत राहिलेल्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशीचे जाळे धरते. ट्रिप ३५ चा सेलेनियम घट कोठे जिवंत, कोठे मेलेला आढळतो. क्लिकमध्ये यांतले काहीच नसल्यामुळे बिघडण्यासारखेही थोडे आहे आणि १९०१ साली निघालेली १२० क्रमांकाची फिल्म आजही तयार होत असल्यामुळे नांदेडच्या एखाद्या माळ्यावर पडलेला असा कॅमेरा पुसून, झडप मोकळी करून, त्यात फिल्म घालता येते. ती धुऊन घेण्यासाठी मात्र बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादकडे पाठवावी लागते.